रेल्वेच्या डब्यातला ‘अर्थ’ कसा शोधायचा: ११० व्होल्टच्या वायरिंगसाठी, पायरी-पायरीने

‘काका, फ्यूज शाबूत आहे, दिवे-पंखे चालू आहेत, मग डब्यात अर्थ आहे असं कसं म्हणता?’

औंधच्या आयटीआयमधून पास होऊन नुकताच अप्रेंटिसला लागलेला मुलगा विचारत होता. टेस्ट लॅम्पच्या (तपासणीसाठी जोडलेल्या दोन बल्बांच्या) दोन दिव्यांपैकी एक त्याच्यासमोर लख्ख पेटला होता, दुसरा विझल्यात जमा होता. तरी फ्यूज उडाला नाही म्हणून त्याने डबा ‘ओके’ लिहून सोडला होता. हाच घोटाळा मी नोकरीत असताना शंभरदा पाहिला. निवृत्तीनंतर आता फोनवर ऐकतो. म्हणून एकदाच नीट लिहून काढतो.

डब्याच्या ११० व्होल्ट डीसी वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह या दोन्ही तारा डब्याच्या धातूच्या बॉडीपासून अलग असतात. घरात न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, मोटारीत निगेटिव्ह चासीला असतो. डब्यात मात्र दोन्ही अधांतरी. त्यामुळे एक तार कुठे बॉडीला टेकली (यालाच आम्ही ‘अर्थ’ म्हणतो) तरी करंटला परतीची वाट मिळत नाही. फ्यूज उडत नाही, दिवे चालू राहतात. पहिला अर्थ गप्प असतो. मग कधीतरी दुसऱ्या बाजूची तार डब्याच्या दुसऱ्या टोकाला टेकते आणि बॉडीतूनच शॉर्ट होतो. तेव्हा फ्यूज उडाला तर नशीब. टेकणं अर्धवट असेल तर फ्यूजही उडत नाही, नुसती ती जागा तापत राहते, आणि शेजारी रेक्झिन, प्लाय, धूळ असं सगळं पेट घेण्यासारखं असतं. फ्यूजच्या भरवशावर राहणारा माणूस नेहमी दुसऱ्या अर्थाची वाट बघतो. आपल्याला पहिलाच पकडायचा आहे.

(बाहेर ‘अर्थ लागत नाही’ ही तक्रार असते, आमच्याकडे ‘अर्थ लागलाय’ ही. नवीन पोरं पहिल्या आठवड्यात यावर हसतात, पुढे हसत नाहीत.)

## हे कुठे चालेल, कुठे चालणार नाही

ही पद्धत चाकाच्या अक्षावरून बेल्टने फिरणाऱ्या अल्टरनेटरच्या डब्यांसाठी आहे. नॉन-एसी डब्याला ४.५ किलोवॉटचा अल्टरनेटर, एसीला २५ किलोवॉटचा, आणि दोन्हीकडे बॅटरी ११० व्होल्टची. एलएचबी (नव्या बनावटीच्या) डब्यात बॅटरीवर चालणारा जो आणीबाणीचा भाग असतो, तिथेही विचार हाच. पण एलएचबीची मुख्य लाइन ७५० व्होल्ट थ्री फेज असते, मग ती पॉवर कारमधून (जनरेटरच्या डब्यातून) येवो की इंजिनातून. तिथे टेस्ट लॅम्प लावणं म्हणजे बल्ब हातात फोडून घेणं. पुणे-लोणावळा लोकलच्या किंवा इंजिनाच्या कंट्रोल सर्किटची मांडणीही वेगळी असते, तिथे त्यांचीच आकृती बघायची.

मेट्रोत नोकरी लागलेल्या मुलांना एक सांगणं. पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गांवर डोक्यावर २५ हजार व्होल्ट एसी आहे, आणि हिंजवडीच्या मार्गाला रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट डीसी. पिट लाइनवरची (डबे तपासायच्या, खाली खड्डा असलेल्या लाइनवरची) पाय टाकायची सवय तिथे नेऊ नका.

## १. गाडी हलणार नाही, याची आधी खात्री

हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळे टाळतात. रेकच्या (जोडलेल्या डब्यांच्या रांगेच्या) दोन्ही टोकांना लाल झेंडी किंवा फलक (रात्री लाल दिवा), चाकाला अडण, आणि ज्याच्याकडे शंटिंगचं काम आहे त्याला तोंडी नाही, नोंदवून कळवणं. तुमची झेंडी तुम्हीच काढायची. दुसऱ्या गँगने ‘तुमचं झालं असेल म्हणून काढली’ असं सांगितलेलं मी ऐकलंय, तेव्हा माझा हेल्पर बॅटरी बॉक्सखाली आडवा होता.

पिट लाइनवर ओव्हरहेड तार असेल तर छतावर कोणीही चढायचं नाही. चालू तारेपासून दोन मीटरच्या आत पॉवर ब्लॉक, परमिट आणि अर्थिंग रॉड यांशिवाय काम नाही. अर्थ शोधताना छतावर जायची वेळ तशीही क्वचितच येते.

तपासा: अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी उतरवून डब्यात ठेवली का? बॅटरीच्या दोन टर्मिनलांत अंगठी आली तर ती लाल होते, आणि बोटातून निघत नाही.

## २. हत्यारं, आणि टेस्ट लॅम्प

लागेल ते एवढंच: डबल टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (साधा एसीवाला इथे शून्यच दाखवेल), ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र), मूठ झाकलेले पाने-स्क्रू ड्रायव्हर, कपाळाला बांधायची बॅटरी, खडू. खडू विसरू नका, कशाला ते पुढे येईल.

टेस्ट लॅम्प स्वतः बनवा. ११० व्होल्ट, २५ वॉटचे दोन सारखे बल्ब, एकामागे एक जोडलेले. दोन टोकांना दोन तारा, आणि दोन बल्बांच्या मधून तिसरी तार. टोकाच्या दोन तारा पॉझिटिव्ह-निगेटिव्हला, मधली बॉडीला. प्रत्येक तारेच्या टोकाला झाकलेला क्लिप किंवा प्रोब, आणि पॉझिटिव्हच्या तारेत एक छोटा फ्यूज. होल्डर, वायर, क्लिप सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं.

बल्बच्या बाबतीत मात्र तडजोड नको.

एलईडी बल्ब नाही. त्यात ड्रायव्हर असतो, तो किंचित करंटवरही लुकलुकतो किंवा अजिबात पेटत नाही. त्याच्या उजेडावरून काही ठरवता येत नाही.

घरचा २३० व्होल्टचा बल्बही नाही. दोन बल्ब मालिकेत असल्यावर प्रत्येकाला ५५ व्होल्ट मिळतात. २३० चा बल्ब तेवढ्यावर जेमतेम तारेपुरता तांबडा होतो आणि उन्हात तेही दिसत नाही. ११० व्होल्टचा तारेचा बल्ब ५५ व्होल्टवर पूर्ण उजेडाच्या दहाव्या हिश्श्याइतका पेटतो. मंद, नारिंगी, पण दिसतो. हा नारिंगी रंग डोळ्यात बसवून घ्या, सगळी परीक्षा त्यावरच आहे.

## ३. आधी विचारा

मीटर काढायच्या आधी दहा मिनिटं माणसांना द्या. गाडीबरोबर आलेल्या मेकॅनिकला विचारा: दिवे कधी मंद झाले, स्टेशनात की चालत्या गाडीत? पाऊस होता का? कुठल्या बाजूच्या संडासाजवळ? सफाईच्या बायकांना विचारा, कुठल्या बोर्डावर पाणी गेलं ते त्यांना माहीत असतं. त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून त्या सांगत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटातून आलेली गाडी म्हणजे खंडाळ्याचं धुकं, बोगद्यांतली गळती आणि आडवा पाऊस अंगावर घेऊन आलेली गाडी. अशा डब्यात किंचित गळती दिसली तर ती पूर्ण खोटी नसते आणि पूर्ण खरीही नसते. शक्य असेल तर दारं-खिडक्या उघडून डबा दोन तास वाळू द्या, मग मोजा. घाईत ओला डबा मोजून पाच ठिकाणी फिटिंग उघडलेली पाहिली आहेत, त्यातल्या चार ठिकाणी नंतर खरोखर बिघाड झाला. उघडण्यामुळेच.

## ४. डबा एकटा करा

सर्वात जास्त वेळ इथे वाया जातो. एका डब्याची वीज गेली तर शेजारच्या डब्यातून देता यावी म्हणून टोकाच्या भिंतीवर आणीबाणीच्या फीडची टर्मिनलं असतात. मागच्या फेरीत कोणी तिथून फीड दिला असेल आणि तो तसाच राहिला असेल, तर तुम्ही एका डब्यात अर्थ शोधत बसता आणि तो असतो दुसऱ्याच डब्यात. पिटवरच्या चार्जरचंही तसंच. चार्जर लावलेला असेल तर चार्जरची आणि त्याच्या लांबलचक केबलची गळती तुमच्या डब्याच्या नावावर लागते.

क्रम असा ठेवा:

१. डब्यातले दिवे, पंखे, चार्जिंगचे सॉकेट, सगळे स्विच बंद.
२. पिटचा चार्जर आधी त्याच्या स्विचवर बंद, मग प्लग बाहेर. उलट केलं तर प्लगवर ठिणगी पडते.
३. दोन्ही टोकांचा आणीबाणीचा फीड सुटा.
४. बॅटरीचा व्होल्टेज मोजून लिहा. लोड नसताना ११० च्या आसपास किंवा थोडा वर हवा. तो १०० च्या खाली असेल तर आधी बॅटरीचा प्रश्न सोडवा. मंद बॅटरीवर टेस्ट लॅम्प फसवतो.

सावधान: भार चालू असताना फ्यूज ओढू नका. एसीची ठिणगी सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते म्हणून विझते. डीसीला शून्य नसतं, ठिणगी लांबते आणि फ्यूजबरोबर हातापर्यंत येते.

## ५. टेस्ट लॅम्प लावा आणि नीट बघा

बॉडीची जागा आधी खरवडा. रंगावर क्लिप लावली तर प्रत्येक डबा निर्दोष ठरतो. ही चूक हसण्यासारखी वाटते, पण मीच केलेली आहे, तीही साहेब शेजारी उभे असताना. म्हणून जागा बरोबर आहे का ते आधी पडताळा: टोकाच्या तारा लावायच्या आधी, मधल्या तारेची क्लिप आणि बॉडीची दुसरी खरवडलेली जागा यांच्यात मल्टिमीटरने ओम मोजा. आकडा जवळजवळ शून्य हवा.

आता वाचन.

दोन्ही दिवे सारखेच नारिंगी: मोठा अर्थ नाही.
पॉझिटिव्हकडचा विझलेला, निगेटिव्हकडचा लख्ख: पॉझिटिव्हला अर्थ. टेकलेल्या तारेने आपल्या बाजूचा दिवा शॉर्ट केला आणि सगळे ११० व्होल्ट दुसऱ्या दिव्यावर गेले.
निगेटिव्हकडचा विझलेला, पॉझिटिव्हकडचा लख्ख: निगेटिव्हला अर्थ.

म्हणजे विझलेल्या दिव्याची बाजू दोषी. नवीन मुलं नेहमी उलट धरतात, कारण लख्ख पेटलेला दिवा नजरेत भरतो.

टेस्ट लॅम्पच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, त्याचा बल्ब काहीशे ओमचा असतो. पाच हजार ओमच्या पुढची गळती त्याला जवळजवळ दिसतच नाही, ती मेगरलाच दिसेल. दुसरी जास्त फसवी आहे: दोन्ही तारांना सारखीच गळती असेल तर दिवे समान राहतात. समान दिवे म्हणजे निर्दोष डबा असं कधी लिहू नका.

मल्टिमीटरने बघणाऱ्यांसाठी: चांगल्या डब्यात पॉझिटिव्ह-बॉडी आणि निगेटिव्ह-बॉडी हे दोन्ही आकडे हलत राहतात, आणि त्यांची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजइतकी येतेच असं नाही. त्यावरून घाबरू नका. एक आकडा शून्याशी चिकटून बसला आणि दुसरा पूर्ण ११० दाखवतोय, तर अर्थ आहे.

## ६. सर्किटं एकेक सुटी करा, दोन्ही तारांनी

टेस्ट लॅम्प लावलेलाच ठेवा आणि डिस्ट्रिब्युशन बोर्डाकडे या. एकेक सर्किट सोडत जायचं आणि दिव्यांकडे बघायचं. ज्या क्षणी दोन्ही दिवे नारिंगी होतात, तेव्हा जे सोडलं त्यात अर्थ. एकाला हे करायला आणि दुसऱ्याला दिवे बघायला उभं केलं तर अर्ध्या तासात होतं, एकट्याला दोन तास.

क्रमाबद्दल वाद आहेत. मी असा जातो: पंखे, मग कमी महत्त्वाचे दिवे, मग जरुरीचे दिवे (दार, कॉरिडॉर, संडास), मग आणीबाणीच्या फीडची तार, मग अल्टरनेटर-रेग्युलेटर, आणि शेवटी बॅटरी. गळती बहुतेक संडासाकडच्या दिव्यांतच निघते हे खरं, पण आधी त्यांवरच गेलं की बाकी सोडायचं राहतं आणि दुसरा अर्थ सुटतो.

इथली मोठी चूक: एमसीबी खाली केली म्हणजे सर्किट सुटलं असं धरणं. एमसीबी एकाच तारेवर असेल तर दुसरी तार जोडलेलीच राहते, आणि निगेटिव्हचा अर्थ जिथल्या तिथे दिसत राहतो. सगळी सर्किटं बंद केली तरी अर्थ जात नाही, मग माणूस बॅटरीवर संशय घेतो, चार तास घालवतो. डब्याची आकृती काढा, प्रत्येक सर्किटची निगेटिव्ह कुठे सुटते ते बघा आणि तीही सोडा. सोडलेल्या प्रत्येक तारेवर खडूने आकडा आणि बोर्डावर तोच आकडा. परत जोडताना तुम्ही दमलेले असणार.

स्विचवरून मात्र एक उपयोगी खूण मिळते, आणि ती कुठल्या चार्टवर लिहिलेली नसते. स्विच बहुधा पॉझिटिव्हमध्ये असतो. दिव्याच्या किंवा पंख्याच्या पॉझिटिव्ह टर्मिनललाच अर्थ असेल, तर स्विच चालू असताना तो पॉझिटिव्हचा अर्थ दिसतो. स्विच बंद केल्यावर ती तार दिव्याच्या तारेतून किंवा पंख्याच्या वाइंडिंगमधून निगेटिव्हला जोडलेली राहते, म्हणून तोच अर्थ आता निगेटिव्हचा दिसतो. एकदा स्विच चालू, एकदा बंद, असं दोनदा बघा. बाजू बदलली तर दोष स्विचच्या पलीकडे, फिटिंगमध्ये किंवा तिथे जाणाऱ्या तारेत आहे. बाजू बदलली नाही तर स्विचच्या अलीकडे किंवा निगेटिव्हच्या बाजूला. यावर अर्धी फिटिंग उघडायची वाचतात. एलईडी फिटिंगला ही खूण तितकी स्वच्छ मिळत नाही, त्याच्या ड्रायव्हरमुळे.

## ७. सर्किटच्या आत: मधूनच तोडा

दोषी सर्किट सापडलं की टोकापासून एकेक फिटिंग उघडत जाऊ नका. मधल्या जंक्शन बॉक्सपाशी दोन्ही तारा सोडा. अर्थ अलीकडे राहिला की पलीकडे, ते दिव्यावर बघा. मग त्या अर्ध्याच्या मध्ये. सोळा फिटिंगचं सर्किट असेल तर चार वेळा सोडून जागा मिळते.

जागा बहुतेक ठरलेल्या असतात. संडासातला दिवा, कारण वर पाण्याची टाकी आणि आत वाफ. पंख्याच्या फिटिंगचा स्क्रू, जो मागे लांब आला आणि केबलवर बसला. दारावरचा दिवा, जिथे पाऊस सरळ आत येतो. मोबाइल चार्जिंगचा सॉकेट, ज्यात चहा सांडलेला असतो. आणि अंडरफ्रेमला (डब्याच्या खालच्या सांगाड्याला) केबल क्लीटमधून (केबल धरणाऱ्या पट्टीतून) निसटून हलत राहिली की कडेवर घासून तिचं इन्सुलेशन जातं. ही शेवटची जागा सर्वात वाईट, कारण ती चालत्या गाडीतच टेकते आणि पिटवर उभ्या गाडीत सगळं निर्दोष दिसतं. केबल हाताने हलवत हलवत टेस्ट लॅम्प बघा.

अल्टरनेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पाणी साठतं. बोगी वळताना केबल ओढली जाते तिथेही बघा. बेल्ट आणि टेन्शनचं काम वेगळं, इथे ते काढत बसू नका.

## ८. बॅटरीत अर्थ असेल तर

झाकण उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. चार्ज होऊन आलेल्या बॅटरीत हायड्रोजन असतो. बिडी-सिगारेट नाही हे सांगायला नको, पण फोनच्या टॉर्चसाठी वाकून शर्टाच्या खिशातला पाना बॅटरीवर पडलेला पाहिलाय. खिसे रिकामे ठेवा.

मोटारीची सवय इथे धोकादायक आहे. मोटारीत निगेटिव्ह बॉडीला असतो म्हणून आधी निगेटिव्ह सोडतात. डब्यात दोन्ही अधांतरी, आणि तुम्ही तर अर्थ शोधताय, म्हणजे कुठली तरी एक बाजू बॉडीला टेकलेली आहे. कुठली, ते पाचव्या पायरीवरून माहीत असतं. बॉडीला टेकलेल्या बाजूच्या विरुद्ध टर्मिनलवर पाना आणि बॉडी एकदम लागली की पूर्ण शॉर्ट. म्हणून आधी बॅटरीचे दोन्ही फ्यूज काढा, मग टर्मिनल.

आता मोजायचं गणित. फ्यूज काढलेले आहेत, बॅटरी एकटी आहे. ५६ सेलची बॅटरी, एकूण ११२ व्होल्ट, म्हणजे सेलमागे २ व्होल्ट. पॉझिटिव्ह टोकापासून बॉडीपर्यंत ७८ व्होल्ट आले आणि निगेटिव्हपासून ३४. ७८ भागिले २ म्हणजे ३९. पॉझिटिव्ह टोकाकडून ३९ व्या सेलच्या आसपास बॉडीला वाट आहे. प्रोब त्या सेलवर ठेवा: बॉडीशी जवळजवळ शून्य दाखवेल. दोन-तीन सेल इकडेतिकडे सरकून सर्वात कमी आकडा कुठे येतो ते बघा. दोन्ही आकड्यांची बेरीज ११२ ला लागत नसेल तर गळती हलकी आहे, मीटरमुळेच आकडे बदलताहेत. तेव्हा हे गणित धरू नका.

कारण बहुतेक वेळा एकच: सेलच्या माथ्यावर ॲसिडचा ओला थर, आणि तो ट्रेपर्यंत ओघळलेला. आधी टोपणं घट्ट करा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याने, मग कोरडं. सोडा सेलच्या आत गेला तर तो सेल गेला. ट्रेच्या खालचं रबर किंवा लाकूड कुजलं असेल तर पुसून दोन फेऱ्यांत पुन्हा तेच. टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा, ग्रीस नाही. बंद प्रकारच्या व्हीआरएलए सेलचं टोपण उघडायचं नसतं, पाणीही घालायचं नसतं. तिथे माथा ओला दिसला तर सेलला चीर आहे असं समजा.

## ९. मेगर, आणि मेगरच्या आधी

अर्थ सापडला, काढला, दिवे समान झाले. आता लॅम्पला न दिसणारी गळती मेगर दाखवेल. पण थांबा.

सावधान: मेगर ५०० व्होल्ट देतो. रेग्युलेटर, एलईडी फिटिंगचे ड्रायव्हर, बीएलडीसी पंखे, मोबाइल चार्जिंगचे मॉड्यूल हे सगळं सर्किटमधून सोडलेलं असलं पाहिजे. बॅटरी सोडलेली असलीच पाहिजे. एकदा एका पाळीत घाई झाली आणि सकाळी अर्ध्या डब्याचे पंखे फिरेनात. अर्थ शोधताना नवा बिघाड घालून ठेवला होता.

सोडून झालं की पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एकत्र बांधा आणि त्या जोडीपासून बॉडीपर्यंत मोजा. दोन तारांच्या मध्ये मोजू नका, तिथे राहिलेला एखादा दिवा तुम्हाला फसवेल. एक मिनिट थांबून आकडा घ्या. कोरड्या हवेत २ मेगओम आणि ओल्या हवेत १ मेगओम हा खालचा आकडा धरतात. तुमच्या डेपोच्या सूचनेत वेगळं असेल तर तेच धरा. आकड्याशेजारी हवा कशी होती ते लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला तुलना करता येत नाही. मोजून झाल्यावर जोडी बॉडीला टेकवून चार्ज उतरवा.

## १०. दुरुस्ती

यात नवं काही सांगण्यासारखं नाही, फक्त टाळण्यासारखं आहे. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड नको, लग क्रिम्प करा आणि वर हीट श्रिंक चढवा. केबल धातूच्या भोकातून जात असेल तर ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबर) बसवा. घासलेल्या केबलवर टेप मारून ती पुन्हा त्याच कडेवर ठेवू नका, आधी कड गुळगुळीत करा, मग क्लीट लावा. फ्यूज त्याच रेटिंगचा. एचआरसी फ्यूज संपले म्हणून तांब्याची तार गुंडाळणारा माणूस तुमच्या गँगमध्ये असेल तर त्याच्या हातून पक्कड काढून घ्या.

## ११. पाणी भरून पुन्हा

पायऱ्या उलट्या क्रमाने जोडत या: बॅटरी, रेग्युलेटर, मग एकेक सर्किट, प्रत्येक सर्किटनंतर टेस्ट लॅम्प. सगळे दिवे-पंखे लावून अर्धा तास ठेवा, क्लॅम्प मीटरने करंट बघा, नव्या जोडांना हाताची पाठ लावून बघा. गरम लागतोय तो जोड पुन्हा करा.

मग सर्वात शेवटी, टाकी भरल्यावर, पुन्हा एकदा टेस्ट लॅम्प.

हे मी शिकलो ते एका पावसाळ्यात. एका डब्याला निगेटिव्ह अर्थ. तीन रात्री आम्ही तो शोधला आणि तिन्ही रात्री तो आपोआप गेला. सकाळी गाडी निघताना पुन्हा हजर. चौथ्या रात्री माझे मेस्त्री काही न बोलता संडासाजवळ स्टूल टाकून बसले आणि पाणी भरणाऱ्याला म्हणाले, ‘भर टाकी, काठोकाठ.’ टाकी भरली, ओसंडली, आणि दोन मिनिटांनी संडासाच्या दिव्याच्या एका स्क्रूवरून एक थेंब हळूहळू फिटिंगच्या आत उतरला. आमच्या हातातला एक दिवा लख्ख झाला, दुसरा विझला. टाकीच्या पाइपचा वॉशर गेला होता. आम्ही तीन रात्री कोरड्या डब्यात तपासत होतो, आणि गाडीला पाणी भरायचे ते आम्ही गेल्यावर.

## १२. रजिस्टर

‘अर्थ काढला, ओके’ ही नोंद नाही. पुढच्या फेरीत डबा आला की कोणालाच त्यातून काही कळत नाही. नोंद अशी असावी: डब्याचा क्रमांक, तारीख, पाऊस होता की नाही, बॅटरी व्होल्टेज, अर्थ कुठल्या तारेला, कुठल्या सर्किटात, कुठल्या फिटिंगपाशी, काय केलं, मेगर आधी किती, नंतर किती, टाकी भरून पाहिलं की नाही. सहा ओळी होतात. त्या रात्री आमची नोंद होती: ‘निगेटिव्ह अर्थ. जरुरीचे दिवे. मागच्या बाजूचा उजवा संडास, दिव्याचा वरचा स्क्रू. कारण: वरच्या टाकीच्या पाइपचा वॉशर. फिटिंग वाळवून गॅस्केट बदललं, वॉशर बदलायला सी अँड डब्ल्यूला (कॅरेज अँड वॅगन विभागाला) कळवलं. टाकी भरून पुन्हा पाहिलं, दिवे समान.’

सी अँड डब्ल्यूला कळवलं, ही ओळ महत्त्वाची. ती नसती तर आम्ही फक्त गॅस्केट बदलत राहिलो असतो.